आकाशयुद्धाचा खेळ

बुद्धिबळाच्या पटावर राजा आहे, वजीर आहे, हत्ती, घोडे व प्यादींही आहेत. पण ज्याच्या उभ्या पिकांतून हें सैन्य जातें तो शेतकरी तेथें नाहीं. युद्धाचे बहुतेक खेळ असेच असतात, आणि युद्धाचे इतिहासही पुष्कळदां असेच लिहिले जातात. १७६० सालीं उदगीर येथें मराठे व निजाम यांची जी लढाई झाली, तिचा विजेता कोण हें आमचे विद्यार्थी सांगतात. त्या हंगामांत उदगीरच्या रानांतील ज्वारीचें काय झालें, हें कोणी विचारीत नाहीं. म्हणून एखाद्या खेळानेंच आपण होऊन खालच्या माणसाकडे पाहिलें, तर ती गोष्ट नोंदण्याजोगी आहे, असें आम्हांस वाटतें.

जपानांतील नामको कंपनीची ‘एस कॉम्बॅट’ ही व्हिडिओ गेमची मालिका या प्रकारची आहे. नांदेड-लातुरांतील पालकांस पडद्यावरील सारे खेळ सारखेच, म्हणजे अभ्यासाचे वैरी, वाटतात. ही समजूत अगदींच निराधार नाहीं; पण ती अपुरी आहे.

मालिकेचा उगम नाणें टाकून चालविण्याच्या यंत्रांत आहे. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत नामकोनें खेळघरांसाठीं विमानयुद्धाचें यंत्र काढलें. खेळघराचा धर्मच असा कीं, नाणें टाकणाऱ्यास थोड्या मिनिटांत पराक्रमाचा आनंद मिळाला पाहिजे. त्यामुळें खऱ्या उड्डाणाचीं बंधनें सैल केलीं गेलीं. खरें लढाऊ विमान मोजकींच क्षेपणास्त्रें वाहूं शकतें. खेळांतील विमान तीं डझनांनीं वाहतें. १९९५ सालीं हा खेळ प्लेस्टेशन या घरगुती यंत्रावर आला व १९९७ सालीं त्याचा दुसरा भाग निघाला. १९९९ च्या तिसऱ्या भागानें कथेला प्राधान्य दिलें. जपानी आवृत्तींत खेळणाऱ्याच्या निवडीप्रमाणें कथेचे पांच शेवट होते. परदेशीं पाठवितांना मात्र त्या कथेचा बहुतेक भाग छाटला गेला.

खरें वळण आलें तें २००१ च्या चौथ्या भागांत. येथील देश काल्पनिक आहेत आणि कथा सांगणारा वीर नसून एक मुलगा आहे. आकाशांत पाडलेलें एक विमान त्याच्या घरावर कोसळतें व तो पोरका होतो. शत्रूनें व्यापलेल्या शहरांत वाढतांना, तें विमान पाडणाऱ्या वैमानिकाचीच त्याला ओळख होते. द्वेषाच्या जागीं हळूहळू माया येते. पुढें त्या वैमानिकास खेळणाराच मारतो. ही सारी हकीकत म्हणजे त्या मुलानें मोठेपणीं खेळणाऱ्यास लिहिलेलें पत्र होय! जिंकणाऱ्याच्या हातीं गुणपत्रिकेबरोबर हेंही पत्र पडतें. या कथाभागामागें सुनाओ काताबुची यांचा हात होता. २००४ च्या पांचव्या भागाची कथाही त्यांचीच. बाँबवर्षावांत कुरे बंदरीं संसार सांभाळणाऱ्या तरुणीवरील त्यांचा चित्रपट २०१६ सालीं आला. दोहोंतील दृष्टि एकच आहे.

२०११ सालीं ही मालिका खऱ्या जगांतील शहरांवर उतरली. परंतु २०१९ च्या सातव्या भागांत ती आपल्या काल्पनिक भूमीकडे परतली. आम्हांस हें परतणें उचित वाटतें. खऱ्या नकाशावर शत्रूचें नांव आधींच ठरलेलें असतें, आणि त्याच्यासाठीं हळहळणाऱ्याकडे संशयानें पाहिलें जातें. कल्पित नकाशावर ती हळहळ मोकळेपणानें करतां येते.

आपल्या वायुसेनेनेंही २०१४ व २०१९ सालीं मोबाइलवरील असे खेळ काढले. तरुणांस सेवेकडे ओढणें हा त्यांचा हेतु, आणि तो रास्तच आहे. पण सैन्यानें काढलेल्या खेळानें जें सांगावयाचें, त्याहून निराळें कांहीं सांगणारा खेळही असावा लागतो.

मराठवाड्यास तर हें विशेष कळावें. लातूर जिल्ह्यास लागून असलेल्या बिदर येथें आज हॉक विमानांवर लढाऊ वैमानिक तयार होतात. सप्टेंबर १९४८ मध्यें तेथीलच विमानतळावर भारतीय विमानांनीं बाँब टाकले होते. १७ सप्टेंबर हा आमचा मुक्तिदिन, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. तथापि त्या दिवसांत डोक्यावरून गेलेला एकच घरघराट एका घरास सुटकेचा वाटला असेल, तर दुसऱ्यास भयाचा. आकाशांतून जी एक मोहीम दिसते, ती जमिनीवरून अनेक प्रकारची दिसते.

तेव्हां घरांतील मुलगा हा खेळ खेळत असेल, तर पालकांनीं त्याच्या हातून यंत्र हिसकावून घेण्याची घाई करूं नये. त्यानें किती विमानें पाडलीं हें तो आपण होऊन सांगेलच. तीं कोठें पडलीं, एवढेंच त्याला विचारावें.