गोधडीचं चिलखत

गेल्या उन्हाळ्यात उत्तर इंग्लंडमधल्या एका माळावर मी चिलखत तपासून घ्यायच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढच्या मुलाच्या छातीवर चकचकीत पोलादी पत्रा होता, म्हणजे दिसायला तरी होता. प्रत्यक्षात तो जिममध्ये जमिनीवर अंथरतात त्या फोमचा होता. हीट गननं गरम करून वाकवलेला, वर काळा रंग, त्यावर चंदेरी. वजन माझ्या पाण्याच्या बाटलीपेक्षा कमी. पंचांनी त्याला तीन गुण दिले. मग ते माझ्याकडे वळले. माझ्या अंगात हातानं शिवलेलं अठरा पदरांचं सुती जॅकेट होतं, साडेतीन किलो वजनाचं. त्यांनी ते दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, एक.

ज्यांना लार्प हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लाइव्ह ॲक्शन रोल-प्लेइंग म्हणजे कथेतलं एखादं पात्र होऊन, त्याचा वेश करून, एखाद्या माळावर नाहीतर जंगलात दोन-तीन दिवस खेळायचा खेळ. तलवारी फोमच्या असतात. गुण म्हणजे तुमचं चिलखत किती फटके झेलेल त्याचा आकडा. मला एकच गुण मिळाला, त्यामुळे शनिवारी दुपारपर्यंत मी दोनदा मेले होते.

पंचांवर माझा राग नाही. त्यांना शेकडो लोक तपासायचे असतात, तेव्हा जे लोखंडासारखं दिसतं ते लोखंड, असा नियम सोयीचाच आहे. पण मी संशोधन करते जुन्या कापडावर. त्यामुळे तंबूत परत आल्यावर डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला. चिलखतांच्या यादीत कापड तळाशी कुणी नेऊन ठेवलं?

त्याचं उत्तर शोधायला मध्ययुगात नाही, एकोणिसाव्या शतकात जावं लागतं.

१८२४ साली सॅम्युएल रश मेरिक या इंग्रज संग्राहकानं युरोपातल्या जुन्या चिलखतांवर तीन खंडी ग्रंथ काढला. चिलखतांचा शिस्तीनं अभ्यास इंग्रजीत त्याच्यापासून सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. अडचण अशी होती की खऱ्या जुन्या वस्तू हाताशी थोड्या, आणि समाधीवरचे पुतळे आणि हस्तलिखितांतली चित्रं भरपूर. आता एकमेकांत ओवलेल्या हजारो लोखंडी कड्या चित्रात काढायच्या म्हणजे किती कटकट, विचार करा. त्यामुळे कुणी चित्रकार अर्धगोल काढून मोकळा व्हायचा, कुणी जाळी आखायचा, कुणी नुसते आडवे पट्टे ओढायचा. मेरिकला वाटलं, प्रत्येक तऱ्हा म्हणजे चिलखताचा वेगळा प्रकार. त्यानं प्रत्येकाला वेगळं नाव दिलं. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की यातले बरेचसे प्रकार एकच आहेत, साधं कड्यांचं चिलखत. पण तोवर नावं छापून झाली होती.

आता दीडशे वर्षं पुढे या. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये गॅरी गायगॅक्स आणि त्याचे मित्र डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ रचतात. तो १९७४ मध्ये बाजारात येतो, आणि १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात चिलखतांची लांबलचक यादी असते. तीत पट्ट्यांचं चिलखत आहे, कड्या शिवलेलं आहे, खिळे ठोकलेलं चामड्याचंही आहे. यातलं पट्ट्यांचं चिलखत म्हणजे मेरिकच्या गोंधळाची थेट पणती. खिळ्यांच्या चामड्याची गोष्ट त्याहून मजेदार. मध्ययुगात ब्रिगंडाइन नावाचं एक जाकीट असायचं, कापडाच्या नाहीतर चामड्याच्या आत लोखंडी पट्ट्या रिव्हेट केलेलं. बाहेरून दिसायची ती फक्त रिव्हेटची डोकी. चित्र पाहणाऱ्याला वाटलं, चामड्याला शोभेचे खिळे ठोकलेत. असा समज झाला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. आजही कुठल्याही लार्पला जा, अंगावर खिळेवालं चामडं मिरवणारे डझनभर लोक दिसतील, आणि आतल्या पट्ट्या कुणाकडेच नसतील.

त्या यादीत कापडाचं चिलखत अगदी तळाशी आहे. स्वस्त, हलकं, गरिबाचं.

गंमत म्हणजे हा खेळ ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष मैदानात आला तोही एकोणिसाव्या शतकाच्याच अंगणात. १९८२ मध्ये चेशायर परगण्यातल्या पेकफर्टन किल्ल्यात ट्रेझर ट्रॅप नावाचा खेळ सुरू झाला. तिथून या देशातल्या लार्पची सुरुवात मोजतात. फोटोत पेकफर्टन अस्सल मध्ययुगीन वाटतो, पण तो १८४० च्या दशकात एका श्रीमंत जमीनदारानं हौसेनं बांधून घेतलेला आहे. म्हणजे किल्लासुद्धा वेश घालूनच उभा होता. त्याच्या थोडं आधी, १८३९ च्या ऑगस्टमध्ये, स्कॉटलंडमधल्या एग्लिंटनच्या अर्लनं खऱ्याखुऱ्या चिलखतांत सरदारांची घोड्यावरून भाल्यांची झुंज भरवली होती. लाखभर लोक बघायला आले आणि धो धो पाऊस पडला. चिलखतं पुरवली होती लंडनच्या सॅम्युएल प्रॅट नावाच्या व्यापाऱ्यानं, आणि पुढे त्याच्या दुकानातून विकली गेलेली काही शिरस्त्राणं चक्क बनावट निघाली. वेश, विक्री आणि इतिहास यांची ही भेसळ तेव्हापासूनची आहे.

हत्यारांच्या बाबतीत मात्र खेळाडूंचं डोकं खरंच छान चाललं. सुरुवातीला कॅम्पिंगच्या चटया कापून नळीभोवती गुंडाळायचे आणि वरून चिकटपट्टी लावायचे. मग फायबरग्लासची दांडी, त्यावर फोम आणि वर द्रव लॅटेक्सचे थर आले. मारलं तरी लागू नये, पण लांबून पातं वाटावं. आपल्या आखाड्यांत फरीगदका खेळायचे तेव्हा हाच प्रश्न होता, आणि उत्तरही फार वेगळं नव्हतं. गदका म्हणजे चामडं मढवलेली काठी, फरी म्हणजे छोटी ढाल. घाव घालायचा सराव करायचा, पण जोडीदार उद्याही तालमीत आला पाहिजे.

आता कापडाकडे येते.

कापड यादीत तळाशी गेलं याचं एक साधं कारण आहे. लोखंड टिकतं, कापड कुजतं. मेरिकसारख्यांच्या हाती लागलं ते लोखंड. पण लढाईत बहुतेक शिपायांच्या अंगावर काय होतं ते कागदपत्रांत सापडतं. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळचा एक हुकूम आहे. त्यात शिपायांची जाकिटं कशी शिवायची ते सांगितलंय: तीस नाहीतर निदान पंचवीस पदर कापड आणि वर हरणाचं कातडं. आणि कापड कसं हवं? नवं नको. वापरून मऊ पडलेलं.

हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत होते, आणि बाहेर येऊन आईला फोन केला. जुनं, मऊ पडलेलं कापड, थरावर थर, वरून सगळीकडे टाके. तुमच्या घरात गोधडी असेल तर तुम्हालाही एव्हाना कळलं असेल. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. फाटकी लुगडी, धोतरं, जुन्या चादरी अंथरून धावदोऱ्यानं शिवत न्यायची. युरोपातल्या ज्या सैनिकी कपड्याला गॅम्बेसन म्हणतात, तो हातोटीनं पाहिला तर बाह्यांची गोधडीच आहे.

आईला लार्पशी देणंघेणं नव्हतं. तिनं कॅमेऱ्यासमोर माझे पदर पाहिले आणि पहिलं वाक्य म्हणाली, "टाचून घेतलंस का? नाहीतर आतले थर सरकतील." मी टाचलं नव्हतं. सगळं उसवून पुन्हा अंथरलं. साध्या सुईनं सहाव्या पदरानंतर दम सोडला, तेव्हा ती म्हणाली, दाभण घे आणि अंगुस्तान घाल, हुशारी नको. कडेनं सुरुवात करून आत आत यायचं हेही तिचंच. बटणं लावावीत की नाडी यावर मी दोन आठवडे वाचत होते. तिनं सुचवलं, बाराबंदीसारखे बंद लाव की. मी तेच केलं, आणि इतकं सोयीचं दुसरं काही मला तरी सापडलं नाही. अठरा पदरांतला एक तिच्या आईच्या नऊवारीचा आहे. पंचवीसपर्यंत मी पोचले नाही, बोटं सुजली.

या सगळ्यात आपल्या इतिहासाचा काय संबंध, असं विचाराल. तुमच्यापैकी कित्येक जण परदेशातल्या मराठी मंडळाच्या शिवजयंतीला मावळा झाले असाल. छातीवर काय होतं आठवतंय? बहुतेकांच्या छातीवर प्लास्टिकचा नाहीतर रेक्झिनचा नक्षीदार पत्रा असतो, मालिकांत असतो तसा. तो पत्रा आणि खिळेवालं चामडं एकाच जातीचे. प्रेक्षकाला लांबून योद्धा ओळखू यावा, एवढंच त्यांचं काम.

त्याच्या शेजारी प्रतापगड ठेवून बघा. १० नोव्हेंबर १६५९. अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याच्या आत कड्यांचं चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता, असं बखरपरंपरा सांगते. त्या चिलखताचं सगळं मोल ते न दिसण्यात होतं. दिसलं असतं तर भेटच वेगळी झाली असती. आमच्या माळावरच्या पंचांपुढे ते आले असते तर? वरून मलमलीचा अंगरखा, शून्य गुण.

म्हणून कुणी मला विचारलं की लार्पसाठी मराठा पात्र करायचंय, कुठला पत्रा घेऊ, तर मी म्हणते, आधी पत्रा विसर. खाली जाड सुती जॅकेट, त्यावर परवडलं तर कड्यांचं चिलखत, त्यावर अंगरखा, कमरेला घट्ट शेला. शेला नुसता शोभेचा नाही. कड्यांच्या चिलखताचं वजन दहा किलोच्या आसपास जातं. कंबर आवळली नाही तर ते सगळं खांद्यावर येतं आणि संध्याकाळी मान वळत नाही. ॲल्युमिनियमच्या कड्या हलक्या असतात, पण कापडावर काळपट डाग पाडतात, तेव्हा आतलं जॅकेट पांढरं शिवू नका. कड्या ओवायला वेळ नसेल तर जाड सुतळी विणून चंदेरी रंगवा. नाटक-सिनेमावाले हेच करत आलेत. १९७५ च्या मॉन्टी पायथनच्या होली ग्रेल सिनेमातली चिलखतंही विणलेल्या लोकरीचीच आहेत. फोमलाही माझा विरोध नाही. पट्ट्याच्या मुठीवरचा हातमोजा मी फोमचाच केलाय आणि तो झकास दिसतो. फक्त फोम वापरताना तुम्ही कशाची नक्कल करताय ते माहीत असू द्या: खऱ्या वस्तूची, की कुणाच्या तरी चुकलेल्या चित्राची.

आणि चेशायरला कधी गेलात तर आणखी एक नाव लक्षात ठेवा. त्याच परगण्याचा खासदार विलब्रहॅम एगर्टन यानं १८८० मध्ये हिंदुस्थानी शस्त्रांचा सचित्र ग्रंथ काढला. त्याचा संग्रह पुढे मँचेस्टरला गेला. ग्रंथातली चित्रं वेश शिवणाऱ्याला फार उपयोगी आहेत. अर्थात तिथेही लोखंडच जास्त.

यंदा मी त्याच खेळाला पुन्हा जाणार आहे. गेल्या वर्षी घोटाळा एवढाच झाला होता की अठरा पदरांची बाही काखेत इतकी जाड झाली, की हात खांद्याच्या वर जाईना, आणि दुसरा मृत्यू त्यामुळेच ओढवला. जुने कारागीर काखेत शिवण पूर्ण न घालता बाही बंदांनी बांधायचे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग काखेत चौकोनी ठिगळ सोड, झंपराला सोडतात तसं. दोन्ही करून बघणारे, डाव्या हाताला एक आणि उजव्याला दुसरं.