ब्रसेल्सचा कोबी आणि एक गादीवाफा

मराठीत या भाजीला स्वतःचे नाव नाही. कोणी 'छोटा कोबी' म्हणते, पण बहुतेक जण 'ब्रसेल्स स्प्राउट्स' असेच म्हणतात. त्यातही घोटाळा असा, की आपल्याकडे स्प्राउट्स म्हटले की मोड आलेली मटकी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात हा लिंबाएवढा किंवा त्याहूनही लहान कोबीचा गड्डा. तो जमिनीलगत एकटा बसत नाही. दोन-अडीच फूट उंच सरळ खोड, त्यावर ओळीने पाने, आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक गड्डा. अशा पन्नास-साठ गड्ड्यांनी खोड खालपासून वरपर्यंत भरलेले असते. प्रथम पाहणाऱ्याला हे झाड कोणीतरी गंमत म्हणून बनवले आहे असे वाटेल!

तसे ते माणसानेच बनवले आहे. युरोपच्या समुद्रकिनाऱ्यांवर उगवणाऱ्या एका रानटी कोबीपासून शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे निवड करत करत वेगवेगळे प्रकार काढले. कोणी शेंड्याची कळी मोठी केली, तो झाला आपला पानकोबी. कोणी फुलांचा गुच्छ वाढवला, तो फ्लॉवर. कोणी खोड फुगवले, तो नवलकोल. आणि कोणी पानांच्या बेचक्यातल्या कळ्यांकडे लक्ष दिले, त्यातून ही भाजी आली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही सगळी एकाच जातीची भावंडे. आपला 'कोबी' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या 'कोव'वरून आलेला.

ब्रसेल्सचे नाव मात्र उगाच चिकटलेले नाही. त्या शहराच्या वेशीबाहेर सें-जिल नावाचे गाव होते. तिथले लोक शहराच्या बाजारासाठी ही भाजी पिकवत. त्यामुळे त्यांना 'कोबी कापणारे' असे टोपणनावच पडले. पुढे शहर वाढले, मळ्यांवर घरे झाली आणि सें-जिल ब्रसेल्सच्या दाट वस्तीचा भाग झाले. मळे गेले, टोपणनाव राहिले. आपल्याकडेही पेरूच्या बागांची आणि मळ्यांची नावे सांगणारे बसथांबे शहराशहरांत आहेत, तिथे पेरूचे एक झाड सापडणार नाही! असो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही भाजी बाहेर पसरू लागली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८१२ साली आपल्या माँटिचेलोच्या बागेत ती लावली होती. इंग्लंडात एलायझा ॲक्टन या बाईंनी १८४५ साली काढलेल्या पाकपुस्तकात तिची कृती आहे. आज ती इंग्रजांच्या नाताळच्या ताटातली ठरलेली भाजी आहे. मुले नाक मुरडतात, मोठे आग्रह करतात, पण ती वाढल्याशिवाय ताट पुरे होत नाही.

आता गादीवाफ्याविषयी. शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कांद्याची, मिरचीची, कोबीची रोपे आपण गादीवाफ्यावरच करतो. पाणी साचत नाही, माती भुसभुशीत राहते, खुरपायला हात पोचतो. युरोपातही ही युक्ती फार जुनी आहे. नवव्या शतकात आजच्या जर्मनीतल्या रायखेनाऊ बेटावर वालाफ्रिड स्ट्राबो नावाचा एक ख्रिस्ती मठवासी होऊन गेला. त्याने आपल्या छोट्या बागेवर लॅटिनमध्ये एक काव्य लिहिले. त्यात खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या तणाशी केलेले भांडण आहे, आणि माती वाहून जाऊ नये म्हणून वाफ्यांना फळ्या ठोकल्याचेही वर्णन आहे. इसवी सन ८४९ मध्ये तो वारला. म्हणजे हल्ली परदेशात घरामागे जो फळ्यांचा चौकोन दिसतो, त्याला अकराशे वर्षांहून जास्त इतिहास आहे.

असा एक चौकोन माझ्या मुलीच्या इंग्लंडमधल्या घरामागेही आहे. आठ फूट लांब, चार फूट रुंद. एका वर्षी मी तिच्याकडे पावसाळा संपताना गेलो तो नाताळनंतर परतलो, त्यामुळे ही भाजी वाढताना रोज पाहायला मिळाली. तिथे एक गंमत कळली. गादीवाफ्याचा सगळा गुण मातीच्या मऊपणात, आणि या भाजीला हवी असते घट्ट जमीन! झाड उंच, वर जड, मुळे फार खोल नाहीत. वाऱ्याने ते हलत राहिले की मुळे सुटतात आणि गड्डे घट्ट न होता पानांसारखे उलगडतात. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजोबांनी मुलीला जून महिन्यातच सांगितले होते, "रोप लावलेस की बुटाच्या टाचेने माती दाब. पान धरून ओढले तर पान तुटले पाहिजे, रोप उपटता कामा नये." तिने तसे केले होते, शिवाय प्रत्येक झाडाला बांबूचा आधार आणि बुंध्याला मातीची भर दिली होती.

हिशेबही सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये बी टाकायचे, मे-जूनमध्ये पुनर्लावणी, दोन झाडांत दोन फूट अंतर. चार बाय आठच्या वाफ्यात म्हणजे आठ झाडे. माती थोडी चुनखडीची असलेली बरी, नाहीतर मुळांवर गाठी येतात. कबुतरे आणि पांढरी फुलपाखरे टपलेलीच असतात, त्यामुळे वर जाळी. खालची पाने पिवळी पडली की काढून टाकायची. ऑक्टोबरपासून खालचे गड्डे आधी आणि मग वरवर असे तोडत जायचे. शेवटी शेंड्याचीही भाजी करायची. एक-दोन वेळा दहिवर गोठले की गड्ड्यांत साखर वाढते आणि चव सुधारते. जेव्हा बागेत दुसरे काही उभे नसते, तेव्हा ही आठ झाडे बर्फात उभी असतात. आम्ही मोहरी-हिंगाची फोडणी देऊन वर ओले खोबरे घातले. मुलीचा इंग्रज शेजार ते चाटूनपुसून खाऊन गेला.

त्या आजोबांकडून विषय युद्धावर गेला. त्यांच्या वडिलांनी युद्धकाळात नगरपालिकेच्या भाजीतुकड्यात हीच भाजी काढली होती. मी शाळेत दुसरे महायुद्ध पंचवीसएक वर्षे शिकवले. स्टालिनग्राड शिकवले, हिरोशिमा शिकवले, पण भाजीचा वाफा हाही त्या युद्धाचा भाग होता हे क्रमिक पुस्तकात कुठेच नव्हते. परत आल्यावर वाचत गेलो, आणि हे टिपण त्यातूनच झाले आहे.

इंग्लंडात गरिबांना भाजीसाठी जमिनीचा तुकडा भाड्याने देण्याची पद्धत जुनी आहे. १९०८ च्या कायद्याने, मागणी असेल तर असे तुकडे उपलब्ध करून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. ठरीव माप ९० फूट बाय ३० फूट, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. अन्नाचा मोठा भाग बाहेरून आणणारा देश, आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या. ऑक्टोबरमध्ये शेतीमंत्री सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी रेडिओवरून आवाहन केले. आणखी पाच लाख भाजीतुकडे हवेत, विजयासाठी खणा! हीच घोषणा पुढे भिंतीभिंतींवर लागली. तुकड्यांची संख्या सुमारे ८ लाखांवरून १४ लाखांवर गेली. टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातसुद्धा भाजी लावली गेली. सरकारी पत्रकांत वर्षभराचा आराखडा असे, आणि भर असे हिवाळ्यावर. उन्हाळ्यात भाजी कोणीही काढतो, जानेवारीत ताटात काय असेल ते बोला! इथे ब्रसेल्सच्या कोबीचे महत्त्व होते. संत्री येणे जवळजवळ थांबले होते, आणि या भाजीत 'क' जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा जास्त. (अर्थात तासभर उकळली नाही तर!)

इथपर्यंतची कथा अभिमानाची आहे आणि इंग्रज ती प्रेमाने सांगतात. पण या डॉर्मन-स्मिथसाहेबांचे पुढे काय झाले ते पाहू लागलो आणि मी थबकलो. मे १९४० मध्ये त्यांचे मंत्रिपद गेले. मे १९४१ मध्ये ते ब्रह्मदेशाचे गव्हर्नर झाले. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि साहेबांना सिमल्याला यावे लागले. ब्रह्मदेश पडला तसा तिथून भारतात येणारा तांदूळ बंद झाला. जपानी बंगालमध्ये उतरतील या भीतीने सरकारने किनाऱ्याच्या भागातला तांदूळ हलवला आणि दहापेक्षा जास्त माणसे नेणाऱ्या होड्या ताब्यात घेतल्या किंवा मोडल्या. होडी हे तिथल्या कोळ्याचे आणि शेतकऱ्याचे पोट. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळ झाले. लष्करी खर्चाने भाव भडकले, साठेबाजी झाली. १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरू लागली. वुडहेड चौकशी आयोगाने १५ लाखांचा आकडा दिला, नंतरचे अभ्यासक २० ते ३० लाख म्हणतात. त्या वर्षी लंडनकडे धान्यासाठी जहाजे मागितली गेली, आणि चर्चिल यांच्या युद्धमंडळाने मागणीपेक्षा फारच कमी दिली.

डॉर्मन-स्मिथ यांना मी दोष देत नाही, दुष्काळ काही त्यांनी आणला नाही. पण एकाच माणसाच्या पाच वर्षांत साम्राज्याची दोन टोके दिसतात. एका टोकाला सरकार रेडिओवरून विचारते, जानेवारीत तुमच्या ताटात काय असेल? दुसऱ्या टोकाला हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाही.

आपल्याकडेही १९४२-४३ मध्ये 'अधिक धान्य पिकवा' मोहीम निघाली होती. म्हणजे घोषणा दोन्हीकडे होत्या. मग फरक कशात होता? ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून रेशनिंग होते. लॉर्ड वूल्टन यांचे अन्नखाते श्रीमंत-गरीब दोघांना सारखाच वाटा देई, भाव बांधलेले होते, लोकांना काम आणि पगार होता. भाजीचा वाफा हा त्या भक्कम पायावरचा वरचा मजला होता. मुंबई शहरात १९४३ मध्ये रेशनिंग आले, त्याने कितीतरी लोक तरले. बंगालच्या खेड्यांतल्या मजुरापाशी मात्र रेशन नव्हते, काम नव्हते, आणि तांदूळ घेण्याएवढे पैसेही नव्हते. अमर्त्य सेन तेव्हा नऊ वर्षांचे होते, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले. १९८१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडले, की धान्य किती होते यापेक्षा ते कोणाला मिळवता येत होते हा खरा प्रश्न. धान्याच्या आकड्यांवर वाद आहेत, पण मूळ मुद्दा मला पटतो.

पटतो, कारण १९७२ चा दुष्काळ मी पाहिला आहे. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात. विहिरी कोरड्या, वाफा कसला आणि भाजी कसली! मुलांच्या हजेरीपटावर निम्मी नावे गैरहजर, कारण ती आईबापांबरोबर खडी फोडायला. तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी हे अन्न. पण त्या दुष्काळात बंगालसारखे झाले नाही. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. हातात मजुरी आली म्हणून दुकानातले धान्य घरात आले. त्याच अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला.

म्हणून हल्ली कोणी म्हणाले, की प्रत्येकाने गच्चीत भाजी लावली की अन्नाचा प्रश्न सुटेल, तर मी मान डोलावत नाही. चार बाय आठच्या वाफ्यातली आठ झाडे, त्यांना सात-आठ महिने लागतात, त्यातून एका घराची काही रविवारची भाजी होते. भुकेचा प्रश्न रेशनचे दुकान, रोजगार आणि वेळेवर निघालेले जहाज सोडवते. पण वाफा व्यर्थ आहे असेही मी म्हणणार नाही. १४ लाख घरांतल्या माणसांना आपण नुसते वाटा घेणारे नाही, वाट्यात भर घालणारे आहोत, असे त्याने वाटायला लावले. आणि ते वाटण्यासाठी अडीच गुंठे जमीन कायद्याने मिळाली होती, हे विसरू नये.

या भाजीबद्दल एक शेवटचे. पूर्वीपेक्षा ती आता कमी कडू लागते, हा नुसता भास नाही. १९९० च्या दशकात हान्स फान डोर्न या डच शास्त्रज्ञाने कडवटपणा आणणारी द्रव्ये कोणती ते शोधले. मग बियाणे कंपन्यांनी जपून ठेवलेले जुने, कमी कडू वाण काढून त्यांचा भरघोस वाणांशी संकर केला. जुने बी कोणीतरी टाकून न देता ठेवले होते म्हणून हे जमले.

आठवणींचेही तसेच आहे. तुमच्या घरात नव्वदीच्या पुढचे कोणी असेल, तर १९४३ मध्ये घरात काय शिजत होते, रेशनच्या रांगेत कोण उभे राहत होते, हे त्यांना आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. क्रमिक पुस्तकात ते येणार नाही.