सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे



तुरुंगातून माणूस घरी आला की सगळ्यांना वाटतं, संकट टळलं. पण ज्याला नशेची सवय होती, त्याच्या जिवाला खरा धोका तेव्हाच असतो. हे कसं कळलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेत वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. तिथे 1999 ते 2003 या काळात सुटलेल्या 30,237 कैद्यांचं पुढे काय झालं, हे संशोधकांनी नोंदी जुळवून पाहिलं. 2007 साली ते छापून आलं. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर लोकांपेक्षा जवळजवळ तेरापट होता. सर्वात मोठं कारण होतं नशेचं जास्त झालेलं प्रमाण.

असं का व्हावं? रोज हेरॉईन घेणाऱ्याचं शरीर तिला सरावतं. तुरुंगात ती बंद झाली की सराव मोडतो. सुटल्यावर तो जुन्याच मापाने घेतो, शरीराला ते झेपत नाही आणि श्वास बंद पडतो.

यावर स्कॉटलंड देशाने 2011 साली पाऊल उचललं. नॅलोक्सोन हे औषध वेळेवर टोचलं तर हेरॉईनचा असर उतरतो, श्वास परत येतो. धोका असलेल्या कैद्यांना सुटतानाच ते सोबत द्यायला तिथे सुरुवात झाली. पण बेशुद्ध माणूस स्वतःला सुई कशी टोचणार? म्हणून ते कसं द्यायचं, हे घरच्यांना आणि मित्रांनाही शिकवलं. आधी अशा नशेने होणाऱ्या दर शंभर मृत्यूंपैकी सुमारे दहा सुटकेनंतरच्या चार आठवड्यांत होत. 2013 पर्यंतच्या तीन वर्षांत ते सुमारे सहावर आले.

आपल्याकडे दारूचंही तसंच आहे. मध्ये खंड पडला की जुनं माप अंगावर येतं. म्हणून गटातल्या कुणाचा नवरा, भाऊ, मुलगा किंवा घरची बाई सुटून आली, तर त्या घराला वाळीत टाकू नका. सुटून आलेल्याला पहिले काही दिवस एकटं ठेवू नका. तो हाकेला ओ देत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडले असतील, तर “झोपू दे, उतरेल” म्हणू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा आणि काय घेतलं होतं ते लपवू नका. व्यसन सोडायच्या मदतीसाठी 14446 हा मोफत क्रमांक आहे. तो गटाच्या वहीत आजच लिहून ठेवा.