आजारी पाळीव सापाची शुश्रूषा

सापाला खोकता येत नाही. सस्तन प्राण्यांप्रमाणे त्याच्या शरीरात श्वासपटल नसते. त्यामुळे फुप्फुसात साचलेला स्राव जोराने बाहेर फेकणे त्याला अशक्य असते. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीरातील पू पातळ न राहता पनीरासारखा घट्ट होतो. परिणामी साधा वाटणारा श्वसनमार्गाचा संसर्ग न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. योग्य उपचार सुरू झाल्यावरही धोका लगेच टळत नाही. पुढील काही आठवड्यांची शुश्रूषाच अनेकदा सापाचे भवितव्य ठरवते.

अमेरिका आणि युरोपात मोठ्या प्रमाणावर पाळल्या जाणाऱ्या बॉल पायथनमध्ये हा विकार वारंवार आढळतो. घाबरल्यावर चेंडूसारखे वेटोळे घालणारा हा लहान अजगर मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील. थंड हवेच्या देशांत त्याचे जीवन कृत्रिम उष्णतेवर अवलंबून असते. पेटीतील तापमान घसरले, हवा कोंडली किंवा तळ सतत ओला राहिला, की त्याची प्रतिकारशक्ती खालावते आणि स्यूडोमोनास, एरोमोनास यांसारख्या जिवाणूंना वाव मिळतो.

लक्षणे आणि निदान

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, श्वासाबरोबर शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येणे, नाकपुड्यांवर बुडबुडे दिसणे, तोंडात चिकट लाळ साचणे आणि अन्न नाकारणे ही प्रमुख लक्षणे होत. काही साप श्वास सुकर व्हावा म्हणून डोके उंच धरून बसतात. प्रत्येक वेळी कारण जिवाणूच असेल असे नाही. बॉल पायथनमध्ये श्वसनविकार निर्माण करणाऱ्या निडोव्हायरसचे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूंवर प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. यासाठी पशुवैद्यकाकडून स्रावाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे श्रेयस्कर.

उष्णता : पहिला उपचार

साप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही. त्याची प्रतिकारशक्ती, पचन आणि औषधाचे शोषण या सर्वांचा वेग भोवतालच्या तापमानावर ठरतो. बॉल पायथनच्या पेटीत उबदार बाजू सुमारे ३२ अंश सेल्सिअस, तर दुसरी बाजू २६ ते २७ अंशांच्या आसपास ठेवतात. आजारपणात रात्रीही तापमान खाली जाऊ देऊ नये. उष्णतेच्या साधनाला थर्मोस्टॅट जोडणे अत्यावश्यक आहे. नियंत्रण नसल्यास सापाचे अंग भाजते. आर्द्रता बेताची असावी. कोरड्या हवेत स्राव आणखी घट्ट होतो, तर कोंदट ओलाव्यात जंतू वाढतात.

औषधोपचार

सेफ्टाझिडिमसारखी प्रतिजैविके सापाला इंजेक्शनद्वारे, बहुधा तीन दिवसांतून एकदा देतात. हा क्रम काही आठवडे चालतो. श्वासाचा आवाज थांबला म्हणून औषध मध्येच बंद करणे ही गंभीर चूक ठरते. उरलेल्या जंतूंमुळे आजार उलटतो आणि तेच औषध पुढे निष्प्रभ ठरू शकते. अमिकासिनसारखी काही औषधे मूत्रपिंडांवर ताण आणतात. त्यामुळे सापाच्या शरीरातील पाण्याचे प्रमाण राखावे आणि पिण्याचे पाणी रोज बदलावे. औषधाची मात्रा वजनानुसार पशुवैद्यकानेच ठरवावी. माणसाची औषधे देऊ नयेत.

आहार आणि स्वच्छता

प्रौढ बॉल पायथन कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो. त्यामुळे भूक मंदावली तरी बळजबरीने भरवू नये. उलटलेले अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. आठवड्यातून एकदा ग्रॅममध्ये वजन करून नोंद ठेवावी. वजन सतत घटत असल्यास पशुवैद्यकाला कळवावे. श्वसन सुधारल्यावर नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे आणि त्यानंतर दोन दिवस सापाला हाताळू नये. पेटीत भुश्याऐवजी साधा कागद अंथरल्यास विष्ठा व स्राव लगेच दिसतात आणि सफाई सोपी होते. आजारी सापाला इतर सापांपासून दूर ठेवावे, त्याची कामे सर्वांत शेवटी करावीत. सरपटणाऱ्या प्राण्यांकडून माणसाला साल्मोनेलाची बाधा होऊ शकत असल्याने प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत.

मिटल्या तोंडाने निःशब्द श्वास, स्थिर वजन, परतलेली भूक आणि अखंड टाकलेली कात या खुणा एकत्र दिसल्यावरच साप सावरला असे समजावे. त्यानंतरही काही काळ लक्ष ठेवणे इष्ट.

भारतातील स्थिती

नाग, धामण, अजगर यांसारख्या भारतीय सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण असून ते घरी पाळणे गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय करारांतर्गत येणाऱ्या विदेशी प्रजातींची नोंदणी २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार बंधनकारक आहे. नागपंचमीला तहानलेल्या नागांना पाजलेले दूधही श्वासमार्गात शिरून फुप्फुसाचा विकार जडवू शकते. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. रस्त्यावर वा गारुड्याजवळ आजारी साप आढळल्यास घरगुती उपचार न करता वनविभागाला कळवणे, हीच त्याची योग्य शुश्रूषा होय.