कान्हेरीच्या डोंगरावर नावं कुणाची?



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा कमिटीचा निरोप आला तेव्हा आम्ही नुकतेच कान्हेरीहून परतलो होतो. रविवारच्या धम्मवर्गाची मुलं, त्यांच्या आया, चार-पाच जाणत्या उपासिका असा आमचा जथा होता. भाकरी-चटणी बांधून सकाळीच निघालो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, डोंगरात आहेत. वर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं.

मोठ्या चैत्यगृहापाशी दुसरा एक जथा उभा होता. त्यातले एक गृहस्थ आपल्या मुलांना सांगत होते, "हे सगळं पांडवांनी एका रात्रीत कोरलं." आमच्यातली सातवीतली मुलगी ते ऐकून आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, एका रात्रीत शंभर लेणी? मग हातोडे किती लागले असतील? आणि माणसं किती?"

आम्हाला त्या प्रश्नाचं कौतुक वाटलं. बाबासाहेबांनी आपल्याला विचारायला शिकवलं, ते हेच. हा लेख म्हणजे त्या लेकीला दिलेलं उत्तर समजा.

कान्हेरीला जुन्या लेखांत कृष्णगिरी म्हटलं आहे. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर. त्याचंच लोकांच्या तोंडी कण्हगिरी झालं आणि पुढे कान्हेरी. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आगेमागे कोरायला सुरुवात झाली आणि पुढे सुमारे हजार वर्षं या डोंगरावर भिक्षुसंघ राहिला. हजार वर्षं म्हणजे किती पिढ्या होतात, मनाशी हिशेब करून पाहा. कुणा एकाचं, एका रात्रीचं हे काम नव्हे.

हीच जागा का निवडली? कारण खाली वाट होती. सोपारा, कल्याण आणि चौल ही त्या काळची मोठी बंदरं. जहाजांचा माल इथे उतरायचा आणि घाट चढून जुन्नर, पैठणकडे जायचा. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. तिथे सम्राट अशोकाच्या शिलाशासनाचा तुकडा सापडला आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खणून काढला. म्हणजे आपण आज लोकलने जिथून जा-ये करतो, त्या पट्ट्यात बुद्धाचा धम्म दोन हजार वर्षांपूर्वी नांदत होता.

आता चैत्यगृहाकडे या. त्याचा क्रमांक तीन. आत सुमारे ८६ फूट लांब आणि ४० फूट रुंद असं दालन, ३४ खांब आणि शेवटी स्तूप. ओसरीच्या दोन्ही टोकांना बुद्धाच्या वीस फुटांहून उंच उभ्या मूर्ती आहेत. त्या नंतरच्या काळातल्या. मूळ चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातलं मानलं जातं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरचं. पण राजाचा काळ म्हणून राजानं ते खोदलं असं नाही. तिथला लेख सांगतो की हे चैत्यगृह व्यापारी भावांनी करवून घेतलं.

त्या लेखात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वाचून आम्ही तिथेच थबकलो. काम कुणी पुरं केलं हे सांगताना देखरेख करणाऱ्या भदंतांच्या बरोबर 'सेलवढकी' असाही शब्द आला आहे. सेलवढकी म्हणजे दगड घडवणारे, पाथरवट.

बंधूंनो, आमचं आयुष्य गिरणीत गेलं. आमच्या हातून किती कापड निघालं त्याची मोजदाद नाही. प्रत्येक ताग्यावर गिरणीचा शिक्का असे. विणणाऱ्याचा उल्लेख कुठेच नसे. म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी भिंतीवर पाथरवटांची आठवण कोरलेली पाहून आमच्या डोळ्यांना पाणी आलं. लेकीच्या 'माणसं किती' या प्रश्नाला आकडा देता येत नाही, पण माणसं होती आणि त्यांची आठवण ठेवली गेली, एवढं दगडच सांगतो.

ही अक्षरं ब्राह्मी लिपीतली. ती वाचणारं मधल्या काळात कुणी उरलं नव्हतं. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्यानं ब्राह्मीचा उलगडा केला आणि मग एकेक डोंगर बोलू लागला. अक्षर हरवलं की इतिहास हरवतो आणि मोकळ्या जागेत पांडव येऊन बसतात. मुलांना शिकवा असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचं हेही एक कारण आहे.

कान्हेरीच्या भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं वाचत गेलं तर एक आख्खी वस्ती डोळ्यांपुढे उभी राहते. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनारानं पाण्याचं टाकं दिलं. सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या मणिकारानं, म्हणजे रत्नं-मणी घडवणाऱ्यानं, दान दिलं. व्यापारी आहेत, गृहस्थ आहेत, त्यांच्या बायका-मुलं आहेत. भिक्षुणीही आहेत. घरदार सोडलेल्या बाईचं नाव दाता म्हणून दगडावर कोरलं जात होतं, हे आपल्या भगिनींनी ध्यानात ठेवावं.

आणि एक कल्याणचा लोहार आहे. लेखात त्याला 'कमार' म्हटलं आहे, नाव नंद. त्यानं काय दिलं? वाट दिली. डोंगरावर चालण्याची वाट. लेणं खोदून देण्याची त्याची ऐपत नसेल, मूर्ती घडवण्याची नसेल. पण वर येणाऱ्याचा पाय घसरू नये एवढं त्याला करता आलं आणि ते त्यानं केलं. कातळात खोदलेल्या पायऱ्या चढताना एक आजी दम खाऊन बसल्या होत्या. त्यांना आम्ही ही गोष्ट सांगितली. त्या उठल्या, पायरीला हात लावला आणि म्हणाल्या, "मग चढलंच पाहिजे. लोहाराचं दान वाया जायला नको."

पाण्याचंही पाहा. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी कातळात टाकं खोदलेलं आहे. पावसाचं पाणी पन्हळींतून वळवून त्यात सोडलं आहे. कित्येक टाक्यांत आजही पाणी असतं. ज्या संघासाठी ही टाकी होती त्या संघात उपाली न्हावी होता, सुनीत झाडूवाला होता. त्याच भूमीत १९२७ साली माणसाच्या हक्काच्या पाण्यासाठी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. मधल्या काळात या देशानं काय गमावलं, ते टाक्याकाठी उभं राहिलं की कळतं.

दान दिलं, पण त्याचा कारभार कसा चालायचा? मोठ्या दानासाठी 'अक्षयनीवि' ठेवत. म्हणजे मूळ रक्कम किंवा शेत कायम ठेवायचं आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंना चीवरासाठी पैसे द्यायचे. कान्हेरीच्या लेखांत ती आहेच, पण आकड्यांसह चोख हिशेब पाहायचा तर नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर जावं लागतं. तिथे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं २००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजानं. त्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहिलं. महिन्याला वीस, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. पै-पैचा मेळ बसतो!

राजाच्या जावयानं पैसा ठेवला कुणाकडे? कापड विणणाऱ्यांकडे. त्या काळी विणकरांच्या संघटनेची पत एवढी होती. आणि ही सगळी व्यवस्था निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदली, असंही तो लेख सांगतो. चार लोकांत वाचायचं आणि फलकावर लिहायचं. सार्वजनिक पैशाचा कारभार कसा असावा, हे आपल्या कुठल्याही मंडळानं यावरून शिकावं.

पुढे राष्ट्रकूटांच्या काळात, नवव्या शतकातही, कान्हेरीला दान येतच होतं. गौड देशाहून, म्हणजे आजच्या बंगालच्या बाजूहून आलेल्या उपासकानं इथे दान दिलं. त्या काळच्या एका लेखात पूजा, दुरुस्ती आणि चीवर यांच्या जोडीला पुस्तकांसाठीही पैसे लावून दिले आहेत. नंतर मात्र दाते आटले, संघ विखुरला. १००९ आणि १०२१ साली काही पारशी मंडळी लेणी पाहायला आली आणि नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेली. त्यानंतर डोंगरावर रान माजलं.

आता घरची गोष्ट. कान्हेरीहून परतलो त्या संध्याकाळी आम्ही आपल्या विहारात वंदनेला बसलो. दाराशी देणगीदारांचा संगमरवरी फलक आहे. आजवर आम्ही तो कधी नीट वाचला नव्हता. त्या दिवशी वाचला. मोठ्या रकमा देणाऱ्यांची नावं आहेत, आणि ती असायलाच पाहिजेत. पण हा विहार उभा राहताना ज्या बायांनी दिवसभर कामावरून येऊन रात्री रेती वाहिली, ज्यांनी सार्वजनिक नळावरून हंडे भरून चुन्या-सिमेंटला पाणी पुरवलं, ज्या गवंड्यानं दोन आठवडे मजुरी घेतली नाही, त्यांचं नाव त्यावर नाही. आम्ही स्वतः त्या वेळी कमिटीत होतो. फलकाचा मजकूर आमच्यासमोर मंजूर झाला. चूक आमचीही आहे.

कान्हेरीच्या व्यापाऱ्यांनी पाथरवटांना आपल्या लेखात जागा दिली, तर आपल्याला काय अडचण आहे? त्यातली कितीतरी माणसं आता आपल्यात नाहीत. जी आहेत ती थकली आहेत. त्यांना आठवतं तोवरच हे होईल. म्हणून आमची विनंती अशी की विहारात एक वही ठेवावी. ज्यांनी अंगमेहनत दिली त्यांची नावं आणि त्यांनी केलेलं काम घरोघरी विचारून त्या वहीत लिहावं, पौर्णिमेच्या वंदनेनंतर सर्वांसमक्ष वाचावं आणि पुढच्या वर्धापनदिनाला दुसरा फलक लावावा. लिहिण्याचं काम धम्मवर्गातल्या मुलांना द्यावं. 'माणसं किती' असं विचारणाऱ्या त्या लेकीनं पहिलं पान लिहायचं कबूल केलं आहे.

आणि मुलांना घेऊन कान्हेरीला जरूर जा. खाऊचे कागद टाकू नका, भिंतींवर नावं खरडू नका. कोरण्यासारखं काम आधी करावं लागतं. कितीतरी लेखांच्या शेवटी 'सर्व सत्त्वांच्या हितसुखासाठी' अशा अर्थाचे शब्द आहेत. आपणही तेच म्हणून थांबू.

सर्वांचं मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!