सोनोग्राफी नॉर्मल आहे!

चाळीसगावला दहावीत असताना पोटात पहिल्यांदा अशी कळ आली की बाकावरून उठवेना. मावशी म्हणाली, "लग्न झालं की थांबेल." पुढे पुण्यात नोकरी लागल्यावर सोनोग्राफी केली. रिपोर्ट नॉर्मल! डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. आता टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही, असं आम्ही सॉफ्टवेअरवाले कधीच मानत नाही. म्हणून वाचायला बसले.

एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं. हे नाव रुजवलं अमेरिकेच्या जॉन सॅम्पसननं, १९२० च्या दशकात. शंभर वर्षं झाली की! मग आपल्याकडे अडतं कुठे?

उत्तर गडचिरोलीत सापडलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या, तक्रार असो वा नसो. अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते; पूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अभ्यास एंडोमेट्रिऑसिसचा नव्हता, पण मुद्दा तोच: कुणी विचारलंच नव्हतं.

२०२२ ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं तर स्पष्ट सांगतात, सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून हा आजार नाही असं होत नाही. निदानासाठी दरवेळी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही लागत नाही.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. शंका तीच आहे, उपचार सुरू झालेत. आईला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्पच. मग म्हणाली, "मलाही असंच दुखायचं गं."

तिलाही कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.