काशीच्या आखाड्यातील खुराक : इतिहास आणि हिशोब

शरीर कमावण्याचा विषय निघाला की आज आपल्याला प्रथिनांच्या पावडरीचा डबा आठवतो. शंभर वर्षांपूर्वी काशीत हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर एका शब्दात मिळाले असते : खुराक. हा खुराक कसा होता, त्याचा खर्च कोण करत असे आणि आजच्या विज्ञानाच्या कसोटीवर त्यातले काय टिकते, हे या टिपणात पाहू.

खुराक म्हणजे काय?

काशीच्या आखाड्यांत दूध, तूप आणि बदाम ही खुराकाची तीन मुख्य अंगे. त्यांच्या जोडीला भिजवलेले हरभरे. तिथले बहुतेक पैलवान शाकाहारी असत. कोल्हापूरच्या तालमींत मात्र थंडाईबरोबर मटण आणि अंडीही चालत. जोसेफ ऑल्टर या मानववंशशास्त्रज्ञाने काशीच्या आखाड्यांचा अभ्यास करून 1992 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या आहाराचे सविस्तर वर्णन आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : खुराक हा शब्द तिथे कधी एकटा येत नाही. त्याच्या आधी शेकड्यांनी जोर, बैठका, गदा आणि जड मुद्गलांची जोडी फिरवणे येते, आणि नंतर झोप.

काशीचा आणि मराठी व्यायामपरंपरेचा संबंधही जुना आहे. पेशवाईत तिथे मराठी घरे वसली. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले. त्यांची विद्या शिष्यांमार्फत काशीपर्यंत गेली आणि तिथे कोंडभट गोडबोले यांचा आखाडा उभा राहिला, असे मल्लखांबाची परंपरा सांगते.

दुधाचा खर्च कोणाचा?

रोज काही शेर दूध आणि त्यावर तूप-बदाम हे सामान्य घराला झेपणारे नव्हते. म्हणून मोठे पैलवान संस्थानिकांच्या आश्रयाने वाढले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. गामा पैलवानाला पतियाळाच्या महाराजांचा आश्रय होता. 1910 मध्ये लंडनला झिबिस्कोशी त्याची कुस्ती दोन तासांहून अधिक चालून बरोबरीत सुटली. 1928 मध्ये पतियाळात त्याच झिबिस्कोला त्याने मिनिटाच्या आत चीत केले. संस्थाने गेली आणि आश्रयही गेला. जगभर गाजलेल्या गामाची अखेरची वर्षे तंगीत गेली. 1960 मध्ये लाहोरला त्याचे निधन झाले.

काशीत आखाडे टिकले, पण तिथे दूध-व्यवसाय करणाऱ्या घरांतली मुले मोठ्या संख्येने दिसतात. ज्याच्या गोठ्यात म्हैस, त्याला खुराक परवडतो. पिळदार शरीरामागे जिद्द असते, तशीच दुधाची सोयही असते.

विज्ञानाने काय शोधले?

‘प्रोटीन’ हा शब्द 1838 मध्ये प्रचारात आला. स्नायू काम करताना प्रथिनेच जळतात, असे लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे मत होते. 1865 मध्ये फिक आणि विस्लिसेनस या दोन शास्त्रज्ञांनी प्रथिने नसलेला आहार घेऊन स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखर चढले आणि लघवीतील नायट्रोजन मोजला. शरीरात मोडलेली प्रथिने एवढ्या श्रमाचा हिशोब भागवायला पुरेशी नव्हती. म्हणजे श्रमाचे इंधन मुख्यतः पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ. प्रथिने हे बांधकामाचे साहित्य.

आता खुराकाकडे पुन्हा पाहा. तुपात प्रथिने जवळजवळ नसतात, पण 100 ग्रॅम तुपातून सुमारे 900 किलोकॅलरी मिळतात. म्हणजे तूप हे इंधन. स्नायूंसाठी लागणारी वीट दूध, हरभरा आणि काही प्रमाणात बदामातून येते. पैलवान तूप पचवत असे, कारण तो तेवढे जाळत असे.

तुमचा हिशोब

प्रौढांसाठी भारतीय शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनांची आहे. वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्यासाठी 1.4 ते 2 ग्रॅम पुरेसे मानतात. 60 किलो वजनाच्या मुलासाठी 1.6 ने गुणले तर 96 ग्रॅम होतात. अंदाजे बेरीज करू : एक लिटर दूध 35, 100 ग्रॅम कोरडे हरभरे 20, 200 ग्रॅम कणकेच्या पोळ्या 24 आणि 75 ग्रॅम तूरडाळ 16. एकूण 95 ग्रॅम. दूध कमी परवडत असेल, तर अंडी घ्या. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात. डबा घेतलाच पाहिजे असे नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सारांश

पैलवानाचे तूप घेऊन विद्यार्थ्याची बैठक ठेवली, तर वाढेल ते पोट. आणि नुसता व्यायाम करून अर्धपोटी राहिलात, तर स्नायूंना साहित्यच मिळणार नाही. खुराक, मेहनत आणि विश्रांती ही एकाच समीकरणाची तीन पदे आहेत.

स्वाध्याय : तुमच्या मेसमधील एका दिवसाच्या जेवणातील प्रथिनांची बेरीज करा. ती कमी पडत असेल, तर सर्वांत कमी खर्चात ती कशी भरून काढाल?